यंत्र ओल्डहॅमचे, घाम परळचा

१८४३ सालापर्यंत इंग्लंडमधून कापडगिरणीची यंत्रे परदेशी विकायला कायद्याने बंदी होती. लँकेशायरच्या कारखानदारांना आपली विद्या दुसऱ्याच्या हाती पडू द्यायची नव्हती. यंत्रे बनवणाऱ्यांना मात्र गिऱ्हाईक हवे होते आणि अखेर पार्लमेंटने त्यांचे म्हणणे मानले. बंदी उठून अकरा वर्षे झाली तेव्हा, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने मुंबईत पाच लाखांच्या भांडवलावर ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ काढली. ताडदेवला इमारत उभी राहिली आणि १८५६ च्या फेब्रुवारीत चात्या फिरू लागल्या. यंत्रे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची होती. ती जोडणारे फिटर तिकडचेच, कामगारांना शिकवणारे मास्तर तिकडचे, बॉयलरसाठी लागणारा कोळसादेखील सुरुवातीला बोटीने विलायतेहून येई. मुंबईचे असे त्या गिरणीत भांडवल होते, मुंबईच्या मुलखातला कापूस होता आणि राबायला आलेली माणसे होती.

पुढच्या सव्वाशे वर्षांत गिरण्या वाढल्या, मालक बदलले, राज्यकर्ते बदलले. यंत्र बाहेरून यायचे ते काही थांबले नाही.

गिरणगावची कहाणी बहुधा संपांमधून सांगितली जाते आणि १८ जानेवारी १९८२ या तारखेवर आणून संपवली जाते. कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांचा संप झाला आणि गिरण्या बुडाल्या, असे आजही कितीतरी घरांत सहज बोलले जाते. त्या तारखेच्या माथी एवढे खापर फोडणे इतिहासाला धरून नाही. लालबाग-परळच्या साच्यांवर, म्हणजे मागांवर, किती कापड निघणार, ते कुठे विकले जाणार आणि साचा नवा घ्यायचा की जुनाच रेटायचा, याचे मोठे निर्णय लंडन, ओसाका आणि दिल्ली इथे झाले. त्यांचा भार मात्र दर वेळी खात्यात उभ्या असलेल्या माणसाने उचलला.

पहिली चाळीस वर्षे भरभराटीची होती. अमेरिकेतले यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा तिकडचा कापूस बंद पडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर शहरात सट्ट्याचे वारे शिरले. १८६५ मध्ये युद्ध संपताच प्रेमचंद रायचंदसारखे सटोडियेही धुळीला मिळाले. पण जे भांडवल तगले ते गिरण्यांकडे वळले. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू झालीच होती, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आणि विसावे शतक उजाडेपर्यंत मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या झाल्या. ताडदेव-भायखळ्याकडून त्यांची धुराडी परळ, लालबाग, शिवडी, दादरपर्यंत सरकत गेली. गिरगावच्या चाळींत कारकून, मास्तर आणि छापखान्यातली मंडळी राहत. त्याच्या उत्तरेला भोंग्यावर उठणारे दुसरे शहर वसले. रत्नागिरी जिल्ह्याने त्यात सर्वांत जास्त माणसे धाडली, मागोमाग सातारा-पुण्याकडची घाटावरची माणसे आली. गावचे शेत सुटत नव्हते आणि गिरणीचा पगार घरदार आणण्याइतका नव्हता. म्हणून एकेका खोलीत गावकीची वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपत. बायकापोरे गावाला राहत.

या गिरण्या सुरुवातीला कापडापेक्षा सूत जास्त काढत, आणि ते सूत चीनला जाई. लँकेशायरचे सूत चीनच्या बाजारातून मुंबईने मागे हटवले, ही साधी गोष्ट नव्हती. एका गुलाम देशातल्या शहराने मालकाच्या देशाला परक्या बाजारात हरवले होते. मग १८९३ मध्ये सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळी चांदीची नाणी खुली पाडून देण्यास बंद केल्या. चीनचा व्यवहार चांदीत चाले. रुपया चांदीपासून तुटून महाग झाला आणि चिनी व्यापाऱ्याच्या दृष्टीने मुंबईचे सूत एका रात्रीत महागले. जपान तेव्हा अजून चांदीवरच होता, त्यामुळे ओसाकाच्या सुताला ही अडचण आली नाही.

ओसाकाच्या गिरणीची गोष्ट मुंबईच्या माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ओसाका स्पिनिंग मिल १८८३ मध्ये सुरू झाली तीही प्लॅट ब्रदर्सच्याच यंत्रांवर. म्हणजे आरंभ एकाच दुकानातून झाला. पण जपान्यांनी थोड्याच वर्षांत म्यूल ही जुनी कताई सोडून रिंग ही नवी पद्धत उचलली. रिंग चालवायला कसबी पुरुष लागत नाही. कमी शिकलेला कामगारही ती सांभाळतो, फक्त कापूस थोडा चिवट हवा. म्हणून त्यांनी मुंबईहून नेलेल्या आखूड धाग्याच्या कापसात लांब धाग्याचा अमेरिकन कापूस मिसळायला सुरुवात केली. खेड्यांतून आणलेल्या मुली दोन पाळ्यांत दिवसरात्र जुंपल्या. त्यात त्या मुलींचे हाल झाले, हेही इतिहासात नमूद आहे. पण यंत्र, कापूस आणि मजूर यांचा त्यांनी एकत्र विचार केला, आणि त्यांच्या सरकारने १८९४ मध्ये सुतावरची निर्यात-जकात व १८९६ मध्ये कापसावरची आयात-जकात काढून टाकली. मुंबई ते कोबे ही जपानी बोटींची वाट १८९३ मध्ये सुरू झाली. ती सुरू व्हावी म्हणून जमशेटजी टाटांनी खटपट केली होती, कारण इंग्रज बोटकंपन्यांचे भाडे गिरणीवाल्यांना परवडत नव्हते. त्याच बोटींनी मुंबईचा कापूस ओसाकाला जाऊ लागला आणि त्याचे सूत होऊन चीनमध्ये मुंबईच्याच सुताशी भिडू लागले.

रिंगचे महत्त्व हिंदुस्थानात कुणालाच कळले नव्हते असेही नाही. टाटांनी १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल काढली आणि तिथे रिंगचा प्रयोग फार लवकर, जगात अनेक ठिकाणी तो पोचायच्या आधी, केला. मुंबईतल्या बहुतेक एजंटांना मात्र घाई नव्हती. गिरणी चालवणाऱ्या मॅनेजिंग एजंटचे कमिशन नफ्यावर नसे, कित्येक ठिकाणी ते सुताच्या दर पौंडामागे पाव आणा असे ठरलेले असे. गिरणीला नफा होवो न होवो, माल जितका जास्त निघेल तितके एजंटाच्या पदरात जास्त पडे. यंत्रावर खर्च करून चांगला माल काढण्याचे प्रोत्साहन त्या रचनेतच नव्हते. बाहेरचे जोखड खरे होते, आणि हे जोखड घरचे होते.

१८९६ साल मुंबईला दोन कारणांनी विसरता येत नाही. सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली. गिरण्यांत माणूस मिळेना तेव्हा मालकांना नाक्यावर उभे राहून रोजच्या रोज मजुरी वाढवत कामगार मिळवावे लागले. त्याच वर्षी सरकारने हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. कारण एवढेच, की आयात कापडावर साडेतीन टक्के जकात लागली होती आणि लँकेशायरला त्यातून मुंबईचा तसूभरही फायदा झालेला चालणार नव्हता. मुंबई जाडेभरडे कापड विणत होती आणि लँकेशायर तलम; दोघांची खरी स्पर्धा फार थोडी होती. तरीही तो कर तीस वर्षे राहिला.

तो गेला कसा, हे सांगताना मालकसंघाच्या अर्जविनंत्यांचा आणि कायदेमंडळातल्या भाषणांचा उल्लेख पुस्तकांत हमखास येतो. परळ-भोईवाड्याच्या चाळींनी त्यासाठी काय सोसले ते मागे राहते. पहिल्या महायुद्धात विलायती माल थांबला होता, गिरण्यांनी भरमसाट नफा कमावला आणि तो लाभांशात वाटून टाकला. यंत्रे जुनीच राहिली. मंदी आली तशी मालकांनी १९२५ मध्ये पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. दोन महिन्यांहून अधिक काळ गिरण्या बंद राहिल्या. अबकारी उठवला तर कपात मागे घेऊ, असे मालक सरकारला सांगत होते. अखेर डिसेंबरात व्हाइसरॉयने कर स्थगित केला, कपात रद्द झाली आणि पुढच्या वर्षी तो कर कायमचा गेला. मालकांनी तीस वर्षे मागून जे मिळाले नव्हते, ते कामगारांच्या उपाशी पोटांनी दोन महिन्यांत मिळवून दिले. याची कृतज्ञ नोंद कुठल्याही गिरणीच्या दारावर कधी लागली नाही.

दोनच वर्षांत नवा अडसर आला. १९२७ च्या कायद्याने रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स ठरवला गेला. महायुद्धाआधीचा भाव एक शिलिंग चार पेन्स होता आणि तोच राहावा म्हणून पुरुषोत्तमदास ठाकुरदास व मुंबईचे व्यापारी कंठशोष करून सांगत होते. रुपया साडेबारा टक्क्यांनी वधारला, म्हणजे बाहेरचे कापड त्या मानाने स्वस्त झाले आणि मुंबईचे जड झाले. चलनाचा भाव आपल्या हाती नाही, जकात आपल्या हाती नाही, यंत्र आपल्याकडे बनत नाही. मग मालकाच्या हाती कमी करण्यासारखे उरले ते फक्त मजुरी आणि माणसे. त्याला ‘रॅशनलायझेशन’ हे नाव मिळाले. दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत, रिंगची एक बाजू पाहणाऱ्याने दोन्ही बाजू पाहाव्यात.

इथे साच्याजवळ थोडे थांबले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत मागाला साचा म्हणत आणि विणकराला साचेवाला. मागावर धोटा डावी-उजवीकडे धावतो. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी काही मिनिटांत संपते. मग साचा थांबवायचा, रिकामी कांडी काढायची, भरलेली बसवायची आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. ते हाताने निघत नाही. साचेवाला धोटा तोंडाला लावी आणि श्वासाने टोक ओढून घेई. दिवसभरात शेकडो वेळा. सुताची खळ, कापसाची कुसळे आणि आधीच्या माणसाची थुंकी त्याच्या तोंडात जाई. साच्यांच्या खडखडाटात कान बसत, दमट हवेत छाती भरे. शेजारी तिसरा साचा दिला याचा अर्थ हे सारे दीडपट.

आणि याच धोट्याने विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद केले होते. ज्याला त्यांचे तोंड लागले तो धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण साचेवाले म्हणत. विणकाम खात्यात पगार सर्वांत बरा. दलित कामगारांना रिंग खात्यात, कमी पगारावर राहावे लागे. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला: विणकाम खाते सर्वांना खुले करण्याची मागणी यादीत घ्या, नाहीतर आमच्या कामगारांनी संपात का राहावे? पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीने घेतली. श्रीपाद अमृत डांगे, जोगळेकर, मिरजकर, अर्जुन आत्माराम आळवे यांची गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली आणि लाल बावट्याचे ते पहिले मोठे यश होते. पण हा डाग त्या यशाला लागलेला आहे आणि तो झाकून इतिहास लिहिता येत नाही.

अमेरिकेत १८९० च्या दशकातच नॉर्थ्रॉप साचा विकला जाऊ लागला होता. त्यात कांडी आपोआप बदले आणि सूत आपोआप ओवले जाई. धोटा तोंडाला लावायची गरजच नव्हती. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये स्वतःचा स्वयंचलित साचा पुरा केला. एक कामगार असे तीसहून अधिक साचे पाहू शके. १९२९ मध्ये याच साच्याचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले ते ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी! जपान शिष्य होता तो गुरूला शिकवू लागला, आणि पुढे याच घराण्याने मोटारी काढल्या. म्हणजे मुंबईत ‘तीन साचे’ की ‘दोन साचे’ यावर डोकी फुटत होती तेव्हा धोटा न चोखता विणणारे यंत्र जगात तीस वर्षे जुने झाले होते. जात तेवढ्याने मिटली असती असे नाही. तिने दुसरे निमित्त शोधले असते. पण ते निमित्त तरी गेले असते, आणि छातीचे दुखणेही. मालकांचे गणित वेगळे होते. स्वयंचलित साचा साध्याच्या कैकपट महाग, जहाजाचे भाडे वेगळे, सुटे भाग परदेशातले. आणि कोकणातून येणारा माणूस स्वस्त. माणूस स्वस्त असला की यंत्राची निकड वाटत नाही.

ग्रेगरी क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये जगभरच्या कापडगिरण्यांची तुलना करणारा एक गाजलेला लेख लिहिला. मुंबईचा कामगार सारख्याच यंत्रांवर इतका कमी माल का काढतो, असा त्याचा प्रश्न होता, आणि उत्तर त्याने कामगाराच्याच स्वभावात शोधले. ते उत्तर पटत नाही. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी गिरणगावचा जो बारकाईने अभ्यास केला त्यातून दिसते ते निराळे आहे. आखूड धाग्याचा, मिसळीचा कापूस वापरला की धागा सारखा तुटतो. धागा तुटला की जोडायला माणूस लागतो. बाजार कधी वर, कधी खाली म्हणून मालकाला रोज घेता-सोडता येणारे बदली कामगार हवे होते आणि ते जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर मिळत. स्वस्त कापूस, जुने यंत्र आणि जास्त माणसे ही मालकांनी परिस्थिती पाहून केलेली निवड होती. तिचा दोष साचेवाल्याच्या आळसावर टाकणे अन्याय आहे.

१९३१ च्या अखेरीस जपानने सोन्याचा आधार सोडला, येन घसरला आणि जपानी कापडाचा लोंढा आला. इंग्लंडबाहेरच्या कापडावरची जकात वाढवत १९३३ मध्ये ७५ टक्क्यांवर नेली गेली. जपानने उलट उत्तर दिले: हिंदुस्थानचा कापूस घेणार नाही. आता वऱ्हाड-खानदेशचा शेतकरी संकटात सापडला. परळच्या गिरणीला संरक्षण दिले की यवतमाळ-जळगावचा कापूस पडून राहतो, असा तो पेच होता. १९३४ च्या करारात दोन्हीची सांगड घातली गेली, जपान किती कापूस उचलेल त्यावर किती कापड पाठवू शकेल ते ठरले. कच्चा माल विकून जगणाऱ्या आणि त्याच वेळी कारखानदारी उभारू पाहणाऱ्या देशाची कोंडी याहून नेमकी दाखवणारा करार सापडणे कठीण.

स्वातंत्र्यानंतर जकात आणि चलन दिल्लीच्या हाती आले. यंत्र कुठून आणायचे हा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने पोलाद आणि अवजड यंत्रांवर भर दिला. कापड लोकांना हातमागाने व छोट्या मागाने पुरवायचे ठरले. पुण्याचे अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे यांच्या समितीने १९५५ मध्ये हीच दिशा दाखवली. त्यामागचा हेतू खोटा नव्हता. हातमागावर पोट असलेली लक्षावधी कुटुंबे होती आणि त्यांना एका फटक्यात उघड्यावर टाकणे कुणाही विचारी माणसाला मान्य झाले नसते. पण त्यासाठी १९५६ पासून गिरण्यांची विणकामाची क्षमता होती तिथे गोठवली गेली. देशभरच्या गिरण्यांत सुमारे दोन लाख साचे होते, त्यापुढे वाढ नाही. स्वयंचलित साचा हवा तर जुन्याच्या बदल्यात किंवा निर्यातीसाठी, तोही परवान्याने. १९५७ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि परवाना मिळणे आणखी अवघड झाले. १९६४ पासून गिरण्यांनी धोतर, साडी, लाँगक्लॉथ असे नियंत्रित कापड ठरावीक भावात काढावे अशी सक्ती आली. परदेशी विकायचे तर श्रीमंत देशांनी तोवर कापड-आयातीवर मर्यादा घालायला सुरुवात केली होती. १९७४ मध्ये त्या मर्यादांचा मल्टिफायबर करार झाला आणि त्या मर्यादा २००४ च्या अखेरपर्यंत टिकल्या.

इंग्रज अर्थतज्ज्ञ अँथनी थर्लवॉल यांनी १९७९ मध्ये मांडले, की देश किती वेगाने वाढेल ते शेवटी तो निर्यातीतून किती परकीय चलन कमावतो आणि वाढीबरोबर त्याला किती आयात लागते यावर ठरते. परळच्या मास्तराला हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. रिंगचा एखादा भाग मोडला की तो बाहेरून येईपर्यंत फ्रेम बंद ठेवायची, हे त्याच्या रोजच्या कामात होते. आणि जे कापड विकून ते चलन मिळायचे, ते विणायलाच बंधन होते.

गोठवल्या गेलेल्या क्षमतेचा फायदा हातमागाला फार झाला नाही. तो झाला यंत्रमागाला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथे कर सवलतीत, कामगार कायद्यांच्या कक्षेबाहेर मागांची गावे वाढली. मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले साचे भिवंडीत जाऊन पुन्हा चालू लागले. यंत्र तेच, पगार निम्म्याहून कमी, पाळी बारा तासांची, भोंगा नाही, बोनस नाही. कोइमतूरला १९६२ मध्ये लक्ष्मी मशीन वर्क्सने स्वित्झर्लंडच्या रीटर कंपनीबरोबर करार करून कताईची यंत्रे देशात बनवायला सुरुवात केली आणि त्या शहराची कताई आजही उभी आहे. शंभर वर्षे यंत्रे विकत घेणाऱ्या मुंबईच्या बहुतेक गिरणीमालकांनी मात्र यंत्रकारखाना उभारायचे मनावर घेतले नाही. १८८७ ची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची माटुंग्याची व्हीजेटीआय, शहरात होती. कापडशास्त्र शिकलेली मुले तिथून बाहेर पडत होती. त्यांना गिरणीत मास्तरकी मिळे, यंत्र रचायचे काम मिळत नसे.

म्हणून १९८२ आले तेव्हा अनेक गिरण्यांत आजोबांच्या काळचे साचे चालू होते. अडीच लाख कामगार संपावर गेले. संपात मालकांनी भिवंडीच्या मागांवर कापड विणून घेतले आणि त्यावर आपल्या गिरणीचा छाप मारला. कापड विणण्यासाठी गिरणीच लागते असे नाही, हे त्यांना तेव्हा पुरते कळले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. लाखभर माणसे पुन्हा कधी खात्यात गेली नाहीत. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांनी महिनोन्महिने उधारीवर जेवू घातले. पगार झाला की फिटणारी ती उधारी या वेळी फिटलीच नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते. संपाच्या काळात कित्येक घरांची चूल या बायकांच्याच कष्टावर पेटत राहिली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांकडून ऐकून लिहिलेल्या इतिहासात असे आवाज जपले गेले आहेत. ते वाचल्याशिवाय या शहराबद्दल बोलू नये.

शेतीतून कारखान्यात आणि कारखान्यातून सेवाक्षेत्रात, असा देशाचा प्रवास पाठ्यपुस्तकात असतो. अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी दाखवले आहे, की गरीब देशांत कारखानदारी पुरती वाढायच्या आधीच उतरणीला लागते. मुंबईत हे एकाच जमिनीवर घडले. ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियमावलीने या जमिनीची शहर, म्हाडा (सरकारी गृहनिर्माण प्राधिकरण) आणि मालक यांच्यात वाटणी ठरवली होती. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दादरची कोहिनूर मिल २००५ मध्ये ४२१ कोटींना विकली गेली. फिनिक्स आणि कमला मिलच्या जागी दुकाने, कचेऱ्या आणि खाद्यगृहे आली. त्या जागी सेवाक्षेत्र आले, पण साचेवाला तिथे पोचला नाही. तो वॉचमन झाला, भाजीची गाडी लावली, किंवा गावाला परतला. त्याच्या मुलाने मॉलमध्ये कंत्राटी नोकरी धरली. दादरच्या चैत्यभूमीशेजारच्या इंदू मिलच्या जागेवर मात्र बाबासाहेबांचे स्मारक उभे राहत आहे, आणि विणकाम खात्याचा इतिहास माहीत असलेल्याला त्या जागेचे मोल अधिक वाटेल.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५ आणि २०२० मध्ये ३,८९४ घरांची सोडत काढली. अर्ज करणारे दीड लाखाच्या आसपास होते. यादीतले कितीतरी जण आता हयात नाहीत.

आता महाराष्ट्रात पुन्हा कापडाची नवी नगरी उभी राहते आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ इथे केंद्र सरकारच्या ‘पीएम मित्र’ योजनेतल्या वस्त्रोद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. कापूस विदर्भाचा असेल, माणसेही तिथलीच असतील. धोट्याशिवाय चालणारे आधुनिक माग आजही बव्हंशी चीन, जपान, बेल्जियम आणि इटलीतून येतात. त्या उद्यानाच्या करारांत यंत्रे इथे घडवण्याची आणि कामगाराला ती दुरुस्त करण्याइतके शिकवण्याची अट आहे का, घर आणि कायम नोकरी यांचा उल्लेख आहे का, हे विदर्भातल्या लोकप्रतिनिधींनी, पत्रकारांनी आणि कामगार संघटनांनी आत्ताच, जमिनीचे वाटप पुरे होण्याआधी, विचारले पाहिजे.